चार नंबरच्या लेनवरून: मुलांच्या जलतरण प्रशिक्षकांना खुले पत्र

आदरणीय प्रशिक्षकहो,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला नावाने ओळखत नसाल, पण माझा हात तुम्ही पाहिलेला आहे. शर्यत संपत आली की लेनच्या टोकाशी पाण्यावर वाकून, अंगठा स्टॉपवॉचच्या बटणावर ठेवून जी बाई उभी असते, ती मी. वयोगटाच्या स्पर्धांत टाइमकीपर म्हणून गेली कित्येक वर्षं उभी राहते आहे. बहुतेक वेळा चार नंबरची लेन माझ्या वाट्याला येते. म्हणजे हीटमध्ये, शर्यतीच्या त्या तुकडीत, ज्याची आधीची नोंद सगळ्यांत चांगली, तो पोरगा माझ्यासमोर. आंतरराष्ट्रीय जलतरणपटू व्हायचं म्हणून घरून निघालेली मुलं मी हातभर अंतरावरून पाहिली आहेत, आणि त्यांतली बहुतेक कुठे गळतात तेही.

एक प्रसंग सांगते आणि मग मुद्द्यावर येते. दहा वर्षांखालच्या मुलांची १०० मीटर फ्रीस्टाइल होती. मुलं इव्हेंट, हीट आणि लेनचा नंबर मार्कर पेनने दंडावर लिहून आणतात, हे तुम्हाला सांगायला नको. या मुलाच्या हातावर त्या तीन आकड्यांच्या खाली चौथी ओळ होती: १:१५.००. अक्षर मोठ्या माणसाचं होतं. मुलगा छान पोहला. शेवटच्या पाच मीटरांत श्वासही घेतला नाही. भिंतीला हात लागला आणि आम्ही तिघांनी घड्याळं थांबवली. माझ्या घड्याळात १:१५.०४, डावीकडच्या बाईंच्या घड्याळात १:१४.९१, उजवीकडच्या सरांच्या घड्याळात १:१५.१२. नियमाप्रमाणे तिघांतला मधला वेळ धरायचा, तो माझा होता. मी आकडा सांगितला. मुलाने पाण्यातच अंगठ्याने ती चौथी ओळ खरवडायला सुरुवात केली. मार्करची शाई पाण्याने जात नाही. दंड लाल झाला तरी तो खरवडतच होता.

चार शतांश सेकंदांसाठी तो रडला. आमच्या तीन घड्याळांत आपापसात एकवीस शतांशांचा फरक होता.

त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आपल्या खेळाला मोजमापाचा केवढा अभिमान! पण मोजमाप कशाने करायचं आणि कुठे थांबवायचं, हेही याच खेळाने मोठ्या माणसांच्या बाबतीत दोनदा ठरवलं आहे. लहानांच्या बाबतीत मात्र ते कधी ठरलंच नाही.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये पुरुषांची १०० मीटर फ्रीस्टाइल. ऑस्ट्रेलियाचा जॉन डेविट आणि अमेरिकेचा लान्स लार्सन जवळजवळ एकदमच भिंतीला पोचले. डेविटच्या लेनवरची तिन्ही घड्याळं ५५.२ सेकंद सांगत होती. लार्सनची ५५.०, ५५.१ आणि ५५.१. तरीही पंचांच्या नजरेला डेविट पुढे दिसला म्हणून सुवर्ण डेविटला गेलं आणि लार्सनचा वेळसुद्धा ५५.२ असा लिहिला गेला. टाइमकीपर म्हणून मला या गोष्टीचा अजून राग येतो, मी तेव्हा कुठे का नसेना. त्या वादानंतर माणसाच्या डोळ्यावरचा विश्वास उडाला आणि आठ वर्षांनी, मेक्सिको ऑलिंपिकमध्ये, टचपॅड आले, म्हणजे हात लागताच वेळ नोंदवणाऱ्या भिंतीवरच्या पट्ट्या.

मग १९७२, म्युनिक. ४०० मीटर मेडले, म्हणजे चारही स्ट्रोक एकाच शर्यतीत. स्वीडनचा गुन्नार लार्सन (योगायोगाने हाही लार्सनच) आणि अमेरिकेचा टिम मॅकी. फलकावर दोघांचा वेळ सारखाच, ४ मिनिटं ३१.९८ सेकंद. यंत्राला विचारलं, आणखी एक आकडा दे. यंत्राने दिला. ३१.९८१ आणि ३१.९८३. लार्सनला सुवर्ण, मॅकीला रौप्य. दोन सहस्रांश सेकंद म्हणजे त्या वेगाने पोहणाऱ्याचं फार तर तीन मिलिमीटर अंतर. तलाव बांधताना एका लेनची भिंत दुसरीपेक्षा तेवढी पुढेमागे असू शकते. टचपॅड किती घट्ट बसवला आहे यावरही तेवढा फरक पडतो. थोडक्यात, यंत्र जे मोजत होतं ते पोहणं उरलंच नव्हतं, ते गवंडीकाम होतं. जलतरणाच्या जागतिक संघटनेला हे पटलं आणि पुढे शतांशावर थांबायचं ठरलं. तिथे बरोबरी झाली तर सुवर्ण दोघांनाही. २०१६ मध्ये रिओला १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सिमोन मॅन्युएल आणि पेनी ओलेक्सियाक दोघींचा वेळ ५२.७० होता. दोघींच्याही गळ्यात सुवर्ण पडलं आणि कुणाचंही आकाश कोसळलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. भिंत तीन मिलिमीटरने बेभरवशाची आहे म्हणून आपण सहस्रांश सोडून दिले. मग अकरा-बारा वर्षांचं शरीर किती बेभरवशाचं असतं? ते वर्षभरात आठ-दहा सेंटिमीटर वाढतं, एकाचं आज तर दुसऱ्याचं तीन वर्षांनी. त्या शरीराच्या शतांशांवरून तुम्ही याची कारकीर्द होणार आणि याची नाही, असे निकाल देता. एकाच हीटमध्ये मिसरूड फुटलेला मुलगा आणि दुधाचे दात नुकते पडलेला मुलगा शेजारी शेजारी पोहतात, वयोगट एकच असतो. मी दोघांचाही वेळ घेते. त्या आकड्यात पोहणं किती आणि जन्मतारीख किती, हे माझं घड्याळ सांगू शकत नाही.

म्युनिकच्याच त्या तलावात आणखी एक गोष्ट घडली होती. ऑस्ट्रेलियाची शेन गूल्ड पंधरा वर्षांची होती. त्या एका ऑलिंपिकमध्ये तिने वैयक्तिक शर्यतींत तीन सुवर्ण, एक रौप्य आणि एक कांस्य मिळवलं. त्याआधी १०० मीटरपासून १५०० मीटरपर्यंत फ्रीस्टाइलचे सगळे जागतिक विक्रम एकाच वेळी तिच्या नावावर होते. पुढच्याच वर्षी, सोळाव्या वर्षी, ती निवृत्त झाली. दोन सहस्रांशांची दखल घेऊन नियम बदलला गेला. सोळा वर्षांची मुलगी जगातलं सगळं जिंकून निघून जाते, याची तशी दखल घेतल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता थोडं स्वतःबद्दल, म्हणजे ही बाई कुठून बोलते आहे ते कळेल. मीही पोहायचे. ब्रेस्टस्ट्रोक. १०० मीटरचा माझा सर्वोत्तम वेळ मी तेराव्या वर्षी दिला. त्यानंतर पाच वर्षं पहाटे उठले, तेवढेच सेट मारले, आणि तो वेळ एकदाही मोडला नाही. शरीर बदललं होतं. कंबर, मांड्या, पाण्यात तरंगण्याची जागा, सगळं बदललं होतं. ब्रेस्टस्ट्रोकची किक तर पुन्हा पहिल्यापासून शिकायला हवी होती. पण तेव्हा मला आणि माझ्या सरांना त्याला एकच शब्द माहीत होता: आळस. सर वाईट नव्हते. त्यांच्याकडे घड्याळ होतं आणि घड्याळ म्हणत होतं की मुलगी मागे पडली. अठराव्या वर्षी मी पोहणं सोडलं ते तेराव्या वर्षीच्या स्वतःकडून हरून.

म्हणूनच लिथुएनियाच्या रूता मेइलुतीतेची गोष्ट मी कुणालाही पुन्हा पुन्हा ऐकवते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्ण तिने पंधराव्या वर्षी जिंकलं. पुढच्या वर्षी विश्वविक्रमही केले. मग गाडी अडली. पुढच्या ऑलिंपिकमध्ये पदक नाही, मनाची अवस्था बिकट, आणि २०१९ मध्ये बावीसाव्या वर्षी निवृत्ती. उत्तेजक चाचणीसाठी ठावठिकाणा कळवण्याच्या नियमात चुकल्याबद्दल दोन वर्षांची बंदीही आली, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तुमच्यापैकी अनेकांनी तिथे वहीवर रेघ मारली असती. ती परत आली. २०२२ मध्ये ५० मीटरची जगज्जेती झाली. २०२३ मध्ये फुकुओकाला ५० आणि १०० दोन्ही जिंकले आणि ५० मीटरला २९.१६ सेकंदांचा विश्वविक्रम केला. म्हणजे सोळाव्या वर्षी विश्वविक्रम करणाऱ्या त्या मुलीला मागे टाकायला तिला दहा वर्षं लागली, आणि त्यातली बरीचशी वर्षं घड्याळाच्या हिशेबाने वाया गेलेली होती.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. तुम्ही लेडेकीचं नाव घ्याल. केटी लेडेकीने पंधराव्या वर्षी ८०० मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं आणि २०२४ पर्यंत सलग चार वेळा तेच जिंकलं. कॅनडाची समर मॅकिंटॉश टोकियोत चौदाव्या वर्षी ४०० मीटरमध्ये चौथी आली आणि पॅरिसहून तीन सुवर्णं घेऊन गेली. आणि आता तर चीनची यू झिदी आहे. २०२५ च्या सिंगापूर जागतिक स्पर्धेत बारा वर्षांची ही मुलगी तीन वैयक्तिक शर्यतींत चौथी आली. २०० मीटर मेडलेचं कांस्य तर सहा शतांशांनी हुकलं. रिलेच्या हीटमध्ये पोहल्यामुळे कांस्यपदकही मिळालं. जागतिक संघटनेचा नियम किमान चौदा वर्षांचा आहे, पण पात्रता वेळ गाठणाऱ्याला त्यातून सूट आहे. मुलगी वेळ गाठते, तर तिला काठावर का बसवायचं? मलाही ती पोहताना बघायला आवडतं, खोटं कशाला बोलू. बटरफ्लायमध्ये तिचं पाणी मोठ्या बायकांपेक्षा शांत असतं.

पण यू झिदी पोहली त्या आठवड्यानंतर काय झालं, ते मी आमच्या तलावावर पाहिलं. तीन पालक माझ्याकडे आले. प्रश्न एकच: आमची मुलगी बारा वर्षांची आहे, २०० मेडलेला तिचा वेळ किती हवा? मी म्हटलं, यू झिदीचा वेळ यू झिदीलाच हवा. त्यांना ते उद्धट वाटलं.

अपवाद असतातच. तक्रार अपवादांवर नाही, त्यांच्या नावाने आखलेल्या वेळापत्रकांवर आहे. तुमच्यात अमेरिकेच्या मायकल फेल्प्सची एक गोष्ट फार चालते. तो रविवारीही पोहायचा. आठवड्याला एक दिवस म्हणजे वर्षाला ५२ दिवस जास्त, असा तो हिशेब. हिशेब बरोबर आहे. २८ ऑलिंपिक पदकं, त्यातली २३ सुवर्ण, हेही बरोबर. मात्र त्याच फेल्प्सने पुढे उघडपणे सांगितलं आहे की प्रत्येक ऑलिंपिकनंतर तो नैराश्यात गेला आणि २०१२ नंतर तर जगणंच नको वाटत होतं. गोष्ट सांगायची तर पुढचं पानही वाचून दाखवा. आणि हेही सांगा की पंधराव्या वर्षी सिडनीला तो २०० मीटर बटरफ्लायमध्ये पाचवा आला होता, एकही पदक न घेता परतला होता.

खांद्याचा हिशेब मी एकदा कागदावर केला होता. ५० मीटरला साधारण ४० हात धरले, तर पाच किलोमीटरच्या एका सत्रात ४,००० हात होतात, म्हणजे प्रत्येक खांद्याला २,०००. आठवड्याला सहा सत्रं म्हटली तर १२,०००. वाढत्या हाडांवर, तळहाताला हँड पॅडलच्या पट्ट्या लावून. अमेरिकेच्या मिसी फ्रँकलिनने सतराव्या वर्षी लंडनमध्ये चार सुवर्णं जिंकली. २०१८ मध्ये तेविसाव्या वर्षी ती थांबली, खांद्यांच्या जुनाट दुखण्याने. तिच्या खांद्याचा दोष कुणाकडे जातो हे ठरवायला मी डॉक्टर नाही. पण वॉर्मअपच्या वेळी काठावर बसून एका हाताने दुसरा खांदा दाबणारी अकरा वर्षांची मुलगी मला दर स्पर्धेत दिसते. ती तुम्हाला दिसू नये म्हणून तुमची पाठ वळली की दाबते.

मुलं तुम्हाला नाही म्हणत नाहीत, हे तुमच्या कामातलं सगळ्यांत अवघड अंग आहे. पूर्व जर्मनीत प्रशिक्षकांनी आणि डॉक्टरांनी निळ्या गोळ्या दिल्या, जीवनसत्त्वं आहेत म्हणून सांगितलं, आणि मुलींनी त्या घेतल्या. त्या पुरुषी संप्रेरकांच्या गोळ्या होत्या. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिलांच्या १३ शर्यतींपैकी ११ त्यांनी जिंकल्या, आणि त्या मुलींची शरीरं पुढे आयुष्यभर त्याची किंमत मोजत राहिली. तुम्ही तसे आहात असं मी मुळीच म्हणत नाही. फक्त त्या मुलींनी गोळी का घेतली ते आठवा. सरांनी दिली म्हणून.

थोडं पोशाखाबद्दल. २००९ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत पॉलियुरेथेनच्या पोशाखांत ४३ विश्वविक्रम झाले, आणि १ जानेवारी २०१० पासून ते पोशाख बंद झाले. पोहणाऱ्याला श्रेय आहे की कापडाला, हे कळेनासं झालं होतं. अमेरिकेच्या संघटनेने पुढे जाऊन २०२० पासून १२ वर्षं आणि त्याखालच्या मुलांना महागडे, अंगाला घट्ट आवळणारे टेक सूट घालायलाच बंदी केली. माझ्या लेनवर मात्र अजून नऊ वर्षांची मुलं येतात. दोन मोठी माणसं त्यांना त्या सूटमध्ये कोंबत असतात आणि पोराचे पाय निळे पडलेले असतात. यात कुणाचं काय मोजायचं ठरलं आहे, मला कळत नाही.

मागायचं काय, तेही सांगते. बारा वर्षांपर्यंत विक्रमांच्या याद्या ठेवू नका. शर्यत लावा, खुशाल लावा. शेजारच्या लेनमधल्याला मागे टाकण्यात जी मजा आहे ती आकड्यात नाही, आणि हरणं-जिंकणं त्यातच शिकता येतं. तेवढ्या वयात कुणालाही एका स्ट्रोकचा करून टाकू नका. चौघांतही त्याचा हात बसू दे, पुढे कुठला स्ट्रोक त्याचा ठरेल हे शरीर वाढल्यावर कळेल. मुलीचा वेळ तेरा-चौदाच्या सुमारास थबकला तर आधी उंची आणि झोप विचारा, मग मेहनत. आणि दंडावर चौथी ओळ लिहू नका.

शेवटचं जरा लांबेल, पण तेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पोहणं सोडायचं कसं, हे मुलांना कुणीच शिकवत नाही. स्टार्ट शिकवता, टर्न शिकवता, टेपर, म्हणजे स्पर्धेआधी सराव हळूहळू कमी कसा करायचा, ते शिकवता. पाण्याबाहेर यायचं तंत्र मात्र ज्याचं त्याने शोधायचं. ऑस्ट्रेलियाचा इयन थॉर्प पाच ऑलिंपिक सुवर्णं जिंकून चोविसाव्या वर्षी थांबला आणि नैराश्याशी चाललेला त्याचा झगडा जगाला कितीतरी वर्षांनी कळला. आमच्याकडे तर सोडणाऱ्याचं नाव ग्रुपमधून त्याच रात्री निघतं. दुसऱ्या दिवशी लॉकर दुसऱ्याला. ज्या मुलाने आठ वर्षं तुमच्या शिट्टीवर श्वास घेतला, त्याच्याशी तुमचं शेवटचं बोलणं थकलेल्या फीबद्दल होतं.

आणि दार कायमचं लावून घेण्यात शहाणपणही नाही. अमेरिकेचा अँथनी अर्विन २००० मध्ये सिडनीला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये पहिला आला. पहिला म्हणजे गॅरी हॉल ज्युनियरबरोबर, २१.९८ सेकंदांत, दोघेही. म्युनिकनंतर शतांशावर थांबायचं ठरलं, म्हणून त्याला ते सुवर्ण मिळालं. २००३ मध्ये, वयाच्या बावीसाव्या वर्षी, त्याने पोहणं सोडलं. त्सुनामीग्रस्तांच्या मदतीसाठी ते पदकही लिलावात विकून टाकलं. मधल्या काळात लहान मुलांना पोहायला शिकवलं. मग तो परतला, आणि २०१६ मध्ये पस्तिसाव्या वर्षी रिओला तीच शर्यत पुन्हा जिंकला. वेळ २१.४०. फ्लोरां मानोडूपेक्षा एक शतांश कमी.

तो शतांश मला मान्य आहे. पस्तीस वर्षांचा माणूस, पूर्ण वाढलेलं शरीर, चांगला टचपॅड, आणि स्वतः निवडून घेतलेली शर्यत. तिथे मोजा की हवं तेवढं.

तो चौथ्या ओळीचा मुलगा अजून येतो. आता बारा वर्षांचा आहे, उंची वाढली आहे, टर्न बिघडला आहे. त्याच्या नव्या लांब पायांना भिंत नेमकी कुठे येते हे अजून कळलेलं नाही, त्यामुळे वेळ जवळजवळ तिथेच आहे. गेल्या स्पर्धेत त्याचे सर रेलिंगवरून ओरडून मला वेळ विचारत होते आणि तो पाण्यातून माझ्याकडे बघून मान हलवत होता, सांगू नका म्हणून.

पुढच्या स्पर्धेतही मी चार नंबरवरच असेन. बारा वर्षांखालच्या हीटमध्ये काठावरून ओरडून वेळ विचारू नका, मी सांगणार नाही. कागदावर लिहून नेहमीप्रमाणे टेबलावर पोचेल, तिथून घ्या. तोवर पोराला टॉवेल द्या.

आपली,
चार नंबरच्या लेनवरची टाइमकीपर